घडवंचीखालचा नेचा

परवा आमच्या भावकीतली एक लेक घरी आली होती. तिने नवे घर बांधले, तेव्हा हौसेने रोपवाटिकेतून नेच्याची कुंडी आणून बैठकीच्या खोलीत ठेवली होती. महिन्याभरात सगळी पाने करपून गेली. मला म्हणाली, "आजी, रोज न चुकता तांब्याभर पाणी घालत होते. तरी कसा हो गेला?"

मी म्हटले, "बाई, तांब्याभर पाण्यानेच गेला असेल."

ती हसली. पण मी थट्टा केली नव्हती. नेचा माझ्याही हातून असाच मरता मरता वाचला आहे, आणि तोही एकदा नव्हे. तो कसा वाचला ते तिला सांगितले, तेच इथे लिहिते आहे. घरात चार हिरवी पाने असावीत असे वाटणाऱ्या माझ्यासारख्या बायका गावोगावी असतील. त्यांतल्या एखादीचा तरी नेचा जगेल.

माझे माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. पावसाळ्यात तिथे चार महिने सगळे ओले. घराच्या मागे चुन्यात बांधलेली पायऱ्यांची विहीर होती आणि तिच्या दगडांच्या सांध्यांतून हा नेचा लोंबत असे. काळेभोर, तुळतुळीत, केसासारखे बारीक देठ आणि त्यांवर इवल्या पंख्यांसारखी पाने. पाण्याचा थेंब त्या पानावर ठरत नसे, मोत्यासारखा घरंगळून जाई. आम्ही पोरी पाणी उडवून तो खेळच करत असू. त्याला आम्ही नुसता 'विहिरीचा पाला' म्हणायचो. वैद्य मंडळी याला हंसराज म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात या सगळ्या कुळाला नेचे म्हणतात, हे मला फार पुढे, मुलाच्या अभ्यासातून कळले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमचे घर बसले. माणसे वाचली, पण भिंती राहिल्या नाहीत. विहिरीचा मात्र एक दगड हलला नव्हता. उजाडल्यावर आई पाणी आणायला गेली आणि तिथेच पायरीवर बराच वेळ बसून राहिली. पुढे छप्पर उभे राहिले, तरी माझ्या मनात माहेर म्हणजे ती विहीरच राहिली.

१९७० च्या वैशाखात माझे लग्न झाले आणि मी माण तालुक्यात आले. एकाच सातारा जिल्ह्यातले हे दोन तालुके, पण मुलूख अगदी वेगळे. सह्याद्रीवर रिते झालेले ढग आमच्या डोक्यावरून नुसते पुढे जातात. माळवदाचे घर, अंगणात एक लिंब, पुढे नजर जाईल तिथवर माळ. सासरची माणसे चांगली होती. कामाला मी भीत नव्हते. पण डोळ्यांना हिरवे दिसेना. हे दुःख कुणाला सांगण्यासारखेही नव्हते.

त्या वर्षी पंचमीला माहेरी गेले, तेव्हा आईने न विचारताच विहिरीत उतरून नेच्याचा एक गड्डा मुळासकट काढला. मुळांभोवती ओले शेवाळ लावले, केळीच्या सोपटात गुंडाळून सुतळीने बांधले आणि म्हणाली, "मुळाला वारा लागू देऊ नको." दोन एस. टी. बदलून ते बोचके मी मांडीवर घेऊन आले.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"ह्याला फूल येतं का?"

"न्हाई."

"फळ?"

"न्हाई."

"मग देवाला तरी चालतं का?"

मी गप्प राहिले. त्याही थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आईनं दिलंय."

तिथून माझ्या चुका सुरू झाल्या. पहिली चूक म्हणजे कुंडी तुळशीशेजारी अंगणात ठेवली. झाडाला ऊन हवे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण हा नेचा विहिरीच्या आतल्या सावलीत वाढलेला. आठ दिवसांत पाने कडेने तपकिरी झाली आणि कागदासारखी चुरली जाऊ लागली.

मग मी घाबरून कुंडी माजघराच्या काळोख्या कोपऱ्यात नेली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी ओतू लागले. ही दुसरी चूक. कुंडीत आमच्या रानातली काळी माती होती. ती पाणी धरून बसली, खाली वाट नव्हती. पाने पिवळी पडली आणि मातीला कुबट वास येऊ लागला. नेच्याला सावली हवी, अंधार नको. ओल हवी, चिखल नको.

तिसरी गोष्ट आमच्या ह्यांच्या मायेमुळे घडली. माझा जीव कुंडीत अडकलेला पाहून त्यांनी गुपचूप चिमूटभर युरिया टाकला. उसाला मानवते ते ह्याला मानवेल असे त्यांना वाटले. उरलीसुरली पानेही जळाली.

दिवाळीला कुंडीत नुसत्या काळ्या काड्या राहिल्या. मी ती उकिरड्यावर टाकायला निघाले, तेव्हा आत्याबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "पाल्याकडं काय बघतीस? मूळ बघ की." त्यांनी माती उकरली, बोटाएवढ्या आडव्या खोडाला नखाने जरासे खरवडले. आत हिरवट ओल होती.

त्यांनी विळ्याने सगळ्या काड्या बुडापासून छाटल्या. काळी माती काढून टाकली. परसातल्या लिंबाखालचा कुजलेला पाचोळा, ओढ्यातली जाड वाळू आणि थोडा पोयटा मिसळला. पडक्या भिंतीतला जुना चुना मी मूठभर चुरून घातला, कारण माहेरची विहीर चुन्यातली होती. कुंडीच्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवला. मग ती कुंडी त्यांनी उचलली आणि घडवंचीखाली सरकवली.

घडवंचीवर आमचा पिण्याच्या पाण्याचा मोठा माठ आणि त्याच्याशेजारी डेरा असे. मातीचे भांडे पाझरते, तो पाझर वाळतो, म्हणून तर आतले पाणी गार राहते. घडवंचीच्या पायाशी भुई सदा दमट, तिथली हवाही गारेगार. वर उत्तरेचा झरोका, त्यातून उजेड येई पण ऊन येत नसे. थेंब थेंब पाझर कुंडीत पडू लागला. मी पाणी घालायचे पूर्ण सोडले.

तीन आठवड्यांनी मातीतून एक कोंब वर आला. नेच्याचा कोंब सरळ येत नाही. टोकाला गुंडाळी घेऊन येतो आणि दिवसागणिक एकेक वेढा उलगडतो. मी भाकरी थापता थापता त्याच्याकडे पाहत असे. मकरसंक्रांतीपर्यंत कुंडी भरून गेली. त्या दिवशी आत्याबाईंना मी पहिल्यांदा माहेरच्या विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. त्या ऐकून घेत होत्या, एवढेच म्हणाल्या, "मग हिथं विहिरीवानीच जागा झाली की त्याची."

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आधीची सालेही बेताचीच गेली होती, त्यात हे सगळ्यांवर कडी झाले. आम्ही दोघे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, सुकडीच्या रांगेत उभे राहिलो. उन्हाळ्यात जवळच्या विहिरीने तळ दाखवला आणि पाणी लांबून डोक्यावरून आणावे लागू लागले. ते आत्याबाई आणत.

अशात एक दिवस पाहुणी म्हणून आलेली शेजारीण घडवंचीखाली वाकून पाहत म्हणाली, "गुरांच्या जिभा बाहेर आल्यात आन् हिच्या घरात पाला हिरवा हाय!" मी कानकोंडी झाले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. संध्याकाळी मी कुंडी उचलून बाहेर ठेवली.

सकाळी पाहते तो कुंडी पुन्हा जागेवर. आत्याबाई शेजारणीला हाताला धरून घेऊन आल्या होत्या. त्यांनी कुंडी बाजूला सरकवली आणि खालची ओली भुई दाखवली. म्हणाल्या, "बघ. माठ पाझरणारच. कुंडी काढली तर ह्ये पाणी भुई पिती. कुंडी ठिवली तर पाला पितो. गुरांच्या तोंडचं मी काय काढून घेतलं, सांग." शेजारीण काही बोलली नाही. जाताना मात्र पानांवरून हात फिरवून गेली. त्यानंतर ती कधी कधी नुसती पाहायला म्हणून येई. त्या उन्हाळ्यात आमच्या आळीत हिरवे म्हणून तेवढेच होते.

आत्याबाईंनी त्या दिवशी जे सांगितले त्यात नेच्याची सारी निगा आली. तो पाणी कमी पितो, पण कोरड्यात राहू शकत नाही. किती घालता यापेक्षा कुठे ठेवता हे महत्त्वाचे.

असे का, ते मुलगा हायस्कुलात गेल्यावर त्याच्या पुस्तकात वाचले. नेच्याला फूल नाही, म्हणून बी नाही. पृथ्वीवर फुले उमलू लागली त्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधीपासून नेचे आहेत. त्यांची वंशवेल बीजाणूंवर चालते. पानाच्या मागे तपकिरी ठिपके किंवा कडेला मुडपलेल्या घड्या दिसतात, त्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. ते ओल्या जागी पडले की त्यांतून नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराची हिरवी चकती उगवते. त्या चकतीवर पाण्याचा पातळ थर असेल तरच नर आणि मादी पेशींचे मीलन होते आणि नवा नेचा जन्मतो. म्हणून तो पाण्याला सोडून लांब जात नाही. तशा हिरव्या चकत्या मी घडवंचीमागच्या भिंतीवरून शेवाळ समजून कितीदा खरवडून काढल्या होत्या!

ते तपकिरी ठिपके पाहून आमचे हे एकदा दचकले होते. म्हणाले, "ह्याला तांबेरा पडलाय." गव्हावरचा तांबेरा ज्याने पाहिला आहे त्याला तसे वाटणारच. ते बी. एच. सी. ची पावडर घेऊन आलेही होते, मी आडवी पडले म्हणून बरे. भगिनींनो, पानामागे रांगेत, एकसारखे ठिपके असतील तर तो रोग नव्हे. औषध मारू नका. वेडेवाकडे, चिकट डाग असतील किंवा पांढरा कापसासारखा ढेकण्या असेल तर मात्र ओल्या फडक्याने पुसून काढा, फार झाले असेल तर ते पान छाटून टाका.

आत्याबाई १९९१ साली गेल्या. पुढे घरातले माठ-डेरे गेले. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, घडवंची माळ्यावर गेली. मी कुंडी टाकीशेजारी ठेवली आणि हाताने पाणी घालू लागले. बरी वर्षे होती, निभावले.

मग २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणतात, बहात्तरला दाणा नव्हता, या वेळी दाणा होता पण पाणी नव्हते. जनावरे चारा छावणीवर, घरातला एक माणूस कायम तिकडे. गावात टँकर येई, कधी चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. रांगेत बॅरलमागे बॅरल. आणि आता आत्याबाईंचा हिशोब माझ्या कामाचा नव्हता. प्लॅस्टिकची टाकी पाझरत नाही. नेच्याला घातलेली वाटी खरोखरच कुणाच्या तरी तोंडची होती. मी पाणी घालायचे थांबवले. मार्चच्या झळांनी पाने दोन दिवसांत गेली. मनाशी म्हटले, बेचाळीस वर्षे राहिला, पुष्कळ झाले. आणि कुंडी उकिरड्याकडे घेऊन निघाले.

या वेळी हात धरला तो सूनबाईने. ती शास्त्र शाखेतून पदवीधर झालेली. म्हणाली, "आई, लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी आहे ना?"

तिने बरणी स्वच्छ धुतली. तळाला बारीक खडे आणि कोळशाचे तुकडे घातले, वर कुंडीतलीच माती, आणि मुळाचे दोन जिवंत तुकडे त्यात बसवले. अर्धी वाटी पाणी शिंपडले आणि झाकण घट्ट लावून बरणी उत्तरेच्या खिडकीत ठेवली.

मी म्हटले, "अगं, गुदमरेल की!"

तेव्हा तिने मला लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांची हकिकत सांगितली. शहरात कोळशाचा धूर इतका, की त्यांनी लावलेले नेचे मरून जात. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद करून ठेवली होती. पतंग बाजूलाच राहिला, त्या मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवले. आतली ओल दिवसा काचेवर चढे, पुन्हा थेंब होऊन मातीत उतरे. ती रोपे जवळजवळ चार वर्षे वरून पाणी न घालता जगली. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून जहाजांवरून देशोदेशी रोपे गेली. चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली ती याच पेट्यांतून.

आमच्या बरणीतही तसेच झाले. सकाळी काच धुकट दिसे, दुपारी थेंब ओघळत. काच फारच धुकटली तर सूनबाई झाकण तासभर उघडे ठेवी. ऊन मात्र बरणीवर पडू द्यायचे नाही, नाहीतर आत सगळे शिजते. महिन्याभरात दोन गुंडाळ्या वर आल्या. टँकरच्या पाण्यातला आणखी एक थेंबही आम्ही त्यात घातला नाही. जून २०१३ मध्ये पाऊस लागला, तेव्हा बरणी पानांनी भरली होती. सूनबाईनेच मग माळ्यावरची घडवंची खाली काढली आणि बाजारातून माठ आणला.

आता करायचे काय ते थोडक्यात सांगते. विहिरीतला नाजूक नेचा जड वाटत असेल तर रोपवाटिकेत लांब, तलवारीसारख्या पानांचा नेफ्रोलेपिस मिळतो, तो सोसणारा आहे, त्याने सुरुवात करा. डोंगरातून, किल्ल्यावरून ओरबाडून आणू नका. तो तिथला आहे, आणि आणलेला बहुधा मरतो. माती भुसभुशीत ठेवा. दोन भाग कुजलेला पाचोळा, एक भाग पोयटा आणि एक भाग जाड वाळू घ्या. ताजे शेण आणि रासायनिक खत नको. पावसाळ्याच्या तोंडाला चांगले मुरलेले खत मूठभर पुरे. माती बोटाला दमट लागली तर पाणी घालू नका, कोरडी लागली तर लगेच घाला. ताटलीत खडे पसरून त्यांत थोडे पाणी ठेवा आणि कुंडी खड्यांवर ठेवा, म्हणजे बूड पाण्यात राहणार नाही आणि हवा ओलसर राहील. चुलीचा धूर, पंख्याचा वारा आणि उन्हाळ्याची झळ यांपासून दूर ठेवा. घरात माठ असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. गड्डा मोठा झाला की पावसाळ्यात मुळासकट दोन भाग करून एक शेजारणीला द्या. आणि वाळला तर टाकू नका, आधी मूळ पाहा.

माहेरचे एक सांगायचे राहिले. भावाने विहिरीला आतून सिमेंटचा गिलावा केला. विहीर पक्की झाली, नेचा गेला. तीन वर्षांपूर्वी पंचमीला मी गेले, तेव्हा ओल्या शेवाळात आणि केळीच्या सोपटात बांधून एक गड्डा घेऊन गेले. विहिरीच्या वरच्या चार पायऱ्या अजून जुन्या दगडांच्या आहेत. त्यांच्या सावलीत कुंडी ठेवली. भाऊ म्हणाला, "तायडे, हिथनंच नेलेलं हिथं आणलंस व्हय?"

गेल्या श्रावणात त्याचा फोन आला. कुंडीपासून हातभर अंतरावर, पायरीच्या चुन्याच्या फटीत, काळ्या देठाची दोन पाने आली आहेत. कुणी लावलेली नाहीत. "काढू का ठिवू?" असे तो विचारत होता.

मी म्हटले, "ऱ्हाऊ दे. आईनं दिलंय."